आबाची लग्नाची पेटी

आबा फुलारी पाटी घेऊन गल्लीत शिरला की त्याला राम राम घालायच्या आधी माणसं एकमेकांना विचारायची, "कोण गेलं रं?" बहुतेक वेळा कुणीच गेलेलं नसे. तो बिचारा देवळात तुळशीचे हार द्यायला निघालेला असे. पण चिंचवडात आबा म्हणजे मयताचा फुलारी, हे इतकं पक्कं झालं होतं की एखाद्या दारापुढं तो जरा जास्त रेंगाळला तर घरातल्या बायका त्याला गोड बोलून पुढं घालवत.

मी तेव्हा पिंपरीच्या नव्या कंपनीत लागलो होतो आणि आबाच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली होती. हे नाव त्याला कसं चिकटलं ते गावातल्या म्हाताऱ्यांकडूनच कळलं. पूर्वी पटकीची साथ आली तेव्हा सख्खे भाऊ एकमेकांच्या दाराला शिवत नव्हते. आबा मात्र घरोघर जाऊन मढ्यांवर हार घालून आला. त्याच साथीत त्याची बायको गेली, मागं तान्ही लेक ठेवून. साथ ओसरली, माणसं सावरली, आणि ज्यानं त्यांच्या मढ्यांची लाज राखली त्यालाच अपशकुनी म्हणू लागली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

मयताच्या हाराला आबा शेवटची गाठ मारत नसे. दोन्ही टोकं मोकळी ठेवून हार नुसता छातीवर पसरायचा. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "वाटंला लागलेलं माणूस त्ये. त्येला गाठीत कशापायी अडकवायचं?" लग्नाच्या हाराला मात्र दुहेरी गाठ हवी, गाठीवर गोंडा हवा, हे तो मला पुन्हा पुन्हा ऐकवी. ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याला लग्नसराईत जेवायला फुरसत मिळत नसेल. प्रत्यक्षात आजवर एकाही लग्नाचं बोलावणं त्याला आलेलं नव्हतं.

तयारी मात्र जय्यत होती. खाटेखाली एक पत्र्याची पेटी असे, तिला तो लग्नाची पेटी म्हणे. पुण्याच्या बाजारात फुलं आणायला गेला की तिच्यासाठी काहीतरी घेऊन येई. कधी लांब सुई, कधी जरीच्या कलाबतूचं रीळ, कधी बाशिंगाला लावायची चकचकीत बेगड. जुन्या बाजारातून एक पोचे आलेली पितळी गुलाबदाणी आणली, ती चिंचेनं घासता घासता त्याची बोटं सोलली. मांडवाच्या दाराची कमानही त्यानं स्वतः बांबूच्या कामट्यांची केली होती. ती पेटीत मावेना, म्हणून आढ्याला टांगलेली असे. पेटीतल्या सुईनं मयताचं फूल ओवायचं नाही, हा दंडक. एकदा त्याच्या लेकीनं, सुंदरानं, घाईत तीच सुई उचलली. कधी आवाज न चढवणारा आबा तिच्यावर खेकसला, "ठिव ती! तुझ्या लग्नाची हाय!"

खरी गोम तिथंच होती. सुंदरा लग्नाची झाली होती, आणि मयताच्या फुलाऱ्याची पोर सून म्हणून करायला कुणी तयार होईना. आबाचा हिशेब साधा होता. "कुणाचं का असंना, एक लगीन मिळू द्या, राव. एका मांडवाला माझी फुलं लागली की ह्ये नाव पुसलं जाईल." मी कंपनीतल्या ओळखीच्यांना गळ घालून पाहिली. ते हसले आणि त्यांनी विषय बदलला.

शेवटी चाकणचं एक स्थळ आलं. मुलाच्या बापाचं किराण्याचं दुकान होतं. सगळं जुळलं, चहा झाला, आणि उठता उठता तो म्हणाला, "येवढंच सांगणं हाय. हार, बाशिंगं, समदं आमी पुण्याहून आणू. तुमी फुलाला हात लावायचा न्हाई."

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार तोच आबानं माझा गुडघा दाबला.

"न्हाई लावत," तो म्हणाला.

लग्न आबाच्याच दारात लागलं. वैशाखाचं ऊन, आणि आगगाडीनं आलेले ते हार. मुहूर्तापर्यंत ते काळवंडले होते, नवरीच्या गळ्यात पडतानाच पाकळ्या गळल्या. आबानं दिवसभर हात पाठीमागं बांधून ठेवले होते, चुकून कुठं फुलाला लागतील म्हणून. अक्षता टाकण्यापुरता उजवा हात पुढं आला आणि पुन्हा मागं गेला. मी रागानं पंगतीला बसत नव्हतो, तर आबाच मला ओढून घेऊन गेला. "पोरगी उजवली, राव. फुलांचं काय, ती कोमेजत्यातच."

पुढच्या वर्षी सुंदरा पहिल्या बाळंतपणात गेली. मूलही राहिलं नाही. सकाळी चाकणहून सायकलीवर माणूस आला. आबा नुकताच बाजारातून येऊन फुलं निवडत बसला होता. त्या माणसानं खाली बघत निरोप सांगितला, "मालक म्हणले, सवाष्ण गेलीया, नीट सजवाय पायजे. फुलं तुमीच घिऊन या."

आबानं खाटेखालून पेटी ओढली.

एका मालट्रकवाल्यानं आम्हाला घेतलं. आबाच्या मांडीवर पेटी, पायाशी फुलांची पाटी. अंगणात सुंदराला हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून ठेवलं होतं. व्याही खांबाला टेकून उभा होता. त्याच्याकडं माझ्यानं बघवलं नाही. आबा लेकीच्या उशाशी बसला आणि त्यानं ती सुई पहिल्यांदा ओवली. मोगऱ्याची वेणी केली, हार केला, हारात कलाबतू गुंफला. गुलाबदाणी काढून लेकीवर पाणी शिंपडलं. कुणीतरी म्हणालं, "आबा, ऊन चढतंय, आटपा."

"लगीन हाय," तो मान वर न करता म्हणाला, "घाई नगं."

हाराला त्यानं दुहेरी गाठ मारली, वर गोंडा बांधला आणि हार तिच्या गळ्यात घातला.

खांदेकरी वाकले तसा तो म्हणाला, "थांबा." पुढं होऊन त्यानं गोंडा सोडला आणि गाठ नखानं उकलायला लागला. दोरा ओला होता, गाठ सुटता सुटेना. कुणी त्याला हात लावला नाही. अखेर ती सुटली. दोन्ही टोकं त्यानं तिच्या छातीवर सारखी केली.

"जा आता, बाय," आबा म्हणाला, आणि हात पाठीमागं बांधून बाजूला झाला.