कुमुदची जपानी तबकडी

रविवारची दुपार आहे. जेवण करून दिगंबर लोहोकरे आरामखुर्चीत पडलेत. डोळे मिटत आलेत, पण मनात एक तक्रार अजून जागी आहे. आत्ताच त्यांनी रेकॉर्ड प्लेअर बंद करून झाकण आपटलंय.

आतली तबकडी कुमुदची, त्यांच्या बायकोची. तिला जाऊन आठ महिने झाले. चाळिशी उलटल्यावर ती जपानी शिकायला लागली, तेव्हा वर्गातल्या जपानी बाईंनी मायदेशी परतताना तिला ही दिली होती. गाणारा जपानी आणि गाणीही त्याचीच. गिटार, माउथऑर्गन, आणि मागे ड्रम असे की जत्रेतून उठून आलेत. दर रविवारी कुमुद ती लावायची आणि भाजी निवडता निवडता त्याच्याबरोबर गायची. दिगंबर त्याला ‘तुझा जपानी’ म्हणायचे.

कुमुदचा आवाज दिगंबरांच्या कानातून गेलाय. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. चेहरा आठवतो, चालणं आठवतं, चिडली की पदर खोचायची ते आठवतं. आवाज आठवत नाही. कुठे भरून ठेवलेलाही नाही. फोन पुढे केला की ती हातानेच बाजूला सारायची. म्हणून त्यांना वाटलं, तबकडी लावली की जपान्याच्या मागोमाग तीही येईल. बंद पडलेला प्लेअर जावई परागरावांनी थाळी फिरवणारी नवी पुली घालून दुरुस्त करून आणला. पण हा जपानी भलताच वाटतो. तरुण, घाईतला. त्याच्या शेजारी कुमुदला जागाच नाही.

पंख्याची घरघर लांब जाते. मग जवळ येते, आणि आता ती पंख्याची नाही, लेथची आहे.

दिगंबर पिंपरीच्या कारखान्यात, शेडमध्ये त्यांच्या मशीनसमोर उभे आहेत. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, तरी अंगात गणवेश आहे. शेजारच्या स्टुलावर कुमुद बसली आहे. मांडीवर ताट, ताटात गवार. जन्मात ती या शेडमध्ये आली नव्हती.

“तू इथे कशी? गेटवर सोडलं?”

“अडवलं होतं. म्हटलं, लोहोकऱ्यांचा डबा आहे.”

“कुठाय डबा?”

“नाहीच. खोटं बोलले.”

तिचे ओठ हलताना दिसतात, शब्दही कळतात. पण ऐकू काहीच येत नाही. काचेआडून बोलल्यासारखं.

“कुमुद, मला तुझा आवाज येत नाहीये गं.”

“माहीत आहे मला. परागरावांना मात्र बोलू नका हं काही. त्यांची पुली बरोबर आहे. चुकीची तुमची होती.”

दिगंबरांना ते झोंबतं. “माझी? मागच्या वेळी प्लेअर बंद पडला, तेव्हा याच लेथवर केली मी ती. व्हर्निअरने मापून. जुनीबरहुकूम. केसाचा फरक नव्हता!”

“तेच तर म्हणतेय. जुनी झिजलेली होती, अहो. तुम्ही तिची झीजसुद्धा मापून घेतलीत.”

दिगंबरांचे हात थांबतात. पुली बारीक, म्हणजे थाळी सावकाश. बावीस वर्षं तो माणूस त्यांच्या घरात सावकाश, खालच्या सुरात गात होता. शिकाऊ पोरानेही करू नये अशी चूक.

“तुला कधी कळलं?”

“दुसऱ्याच आठवड्यात. वर्गात नव्या बाईंनी तीच गाणी कॅसेटवर लावली. म्हटलं, अगबाई, हा तर पोरगा आहे!”

“आणि मला बोलली नाहीस?”

“काय बोलू? रुमालात बांधून आणलीत ती पुली, लाडू आणल्यासारखी.” ती गवारीचा देठ मोडते. “आणि खरं सांगू? तो सावकाश गायचा म्हणून मला शब्द धरता आले. वर्गातल्या बायका विचारायच्या, लोहोकरे, तुमचं ऐकणं इतकं पक्कं कसं? मी म्हणायचे, घरी शिकवणी आहे.”

दिगंबर हसतात आणि मशीनकडे वळतात. मशीन नाही. शेडच्या भिंती नाहीत. पायाखाली एक प्रचंड थाळी फिरते आहे, आणि तिच्या पलीकडे नदीचा काठ आहे. काठावर दोऱ्या, दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी. ही जागा त्यांना माहीत आहे. एका गाण्याचा अर्थ कुमुदने सांगितला होता: पलीकडे कुणीतरी चादरी वाळत घालतंय, कोण ते इथून दिसत नाही.

चादरी फार जोरात फडफडताहेत. पाठमोरा जपानी घाईघाईने गिटार वाजवतो आहे. कुमुद स्टुलावर नाही. एका चादरीमागे तिची सावली आहे, तीही ठरत नाही.

“बोट टेकवा,” ती सांगते आहे, अजूनही आवाजाविनाच. “थाळीच्या कडेला. हलकेच.”

दिगंबर गुडघ्यांवर बसतात. ॲल्युमिनियमची कड सर्रकन पुढे पळते आहे. ते तिला तर्जनी लावतात.

आधी वारा मंदावतो. मग नदी. ड्रमचे ठोके एकमेकांपासून सुटे होतात. जपान्याचा आवाज पायरी पायरीने खाली येतो, पोक्त होतो, ओळखीचा होतो. चादरी एकदम शांत फुगतात, झोपलेल्या माणसाच्या छातीसारख्या. आणि त्यांच्या मागून कुमुद गायला लागते.

हाच तो. थोडा खरखरीत. ओळीचा शेवटचा शब्द ओढणारा, आणि सुराच्या जरासा खालीच राहणारा. एवढं मोठं आभाळ, एवढी नदी, सगळं दिगंबरांच्या एका बोटावर थांबलंय, आणि मधोमध हा साधा, भाजी निवडताना येणारा आवाज. श्वास घ्यायलाही त्यांना भीती वाटते.

बोट तापू लागतं.

“भाजतंय का हो?” चादरीमागून विचारणा येते. खणखणीत ऐकू येते.

“भाजू दे.”

“हट्टी!”

दिगंबर डोळे उघडतात. चार वाजलेत. खोलीत ऊन आलंय. प्लेअर सहा पावलांवर, झाकण लावलेला, त्याची वायर भिंतीपासून सुटी लोंबते आहे. कानात मात्र तो एक शब्द जसाच्या तसा आहे, तिच्याच गळ्यातला.

ते उजवा हात उन्हात धरतात. तर्जनीच्या टोकावर करडा-काळा, चकचकीत डाग आहे. ॲल्युमिनियमवर बोट घासलं की येतो तसा. आयुष्यभर पाहिलेला, ओळखायला दुसऱ्या कुणाची गरज नाही. त्याच्या मधोमध कातडी लाल होऊन फुगते आहे.

सवयीने ते मोरीपर्यंत जातात आणि नळ सोडतात. हात पाण्याखाली जाणार, तोच मागे घेतात, आणि डाव्या हाताने नळ बंद करतात.