तापीचं सासर

अक्का कुणाच्याही दारात रिकाम्या हाताने उभी राहिली नाही. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण, चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या आमच्या गावात राहायची. दवाखान्यात गुडघे दाखवायला जातानाही पिशवीत भरताची दोन वांगी असायचीच. डॉक्टर आधी वांगी बघायचे, मग गुडघे. मी चेष्टा केली की म्हणायची, "मसनमा खाली हातेच जानं शे. तवलोंग तरी भरेल ऱ्हाऊ दे."

तिला मूलबाळ नव्हतं. जीव सगळा नदीवर. रोज सकाळी घाटावर जाऊन तापीशी चार शब्द बोलल्याशिवाय तिचा चहा होत नसे. नदी पुढे सुरतेला जाते हे तिला ठाऊक होतं, आणि तिच्या लेखी सुरत हे तापीचं सासर होतं. "पोर कशी नांदी ऱ्हायनी, एकदाव तरी दखानं शे," हे तिचं पालुपद.

तीन वर्षांपूर्वी मी कामासाठी सुरतेला निघालो, तेव्हा "माले बी ली चाल" म्हणत धरणगावला गाडीत येऊन बसली. मांडीवर पाण्याने भरलेली बाटली. मला तहान लागली म्हणून हात पुढे केला, तर तिने बाटली पदराआड घेतली.

"हाई तुनं नही. तापीनं शे. घाटवरथून भरेल शे."

मला हसू आवरेना. "अक्का, ते पाणी आपोआप तिथं पोचतंच की."

"ते चालत जास, थकी जास. हाई मायना हातनं शे."

संध्याकाळी सुरतेत लोक फिरायला येतात त्या नदीकाठच्या फरशीच्या वाटेवर तिला नेलं. समोर तापी आली आणि अक्का जागच्या जागी थबकली. गावी उन्हाळ्यात आम्ही लुगडं, धोतर खोचून जी नदी ओलांडतो, तिच्या पलीकडच्या उंच इमारती इथं बोटभर दिसत होत्या. "इतली मोठी व्हयनी माय..." एवढंच पुटपुटली. हात जोडायचंही विसरली. मी तर जन्मापासून तापी पाहत आलो होतो, पण अक्काच्या शेजारी उभं राहून पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

पण पाण्यापर्यंत जायचं कसं? सगळीकडे कठडा आणि खाली सिमेंटचा उतार. वरूनच ओत म्हणालो, तर तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. "पोरले कोनी वरथून फेकीसन देस का?" तसल्या गुडघ्यांनी कठडा धरून ती पायऱ्या शोधत चालत राहिली. मी सारखा परत फिरू म्हणत होतो. शेवटी पायऱ्या सापडल्या, पण त्यांच्या फाटकाला कुलूप. वॉचमनने बाटली पाहून हिंदीत हटकलं. अक्काने त्याला सगळी हकिगत अहिराणीतच ऐकवली. तो हळूहळू नरमला.

"कोनतं गाव, माय?"

तो आमच्यासारखाच तापीकाठचा, शिरपूरकडचा निघाला. फाटक उघडून त्याने तिला हाताला धरून खाली नेलं, आणि ती झाकण उघडते तोच ओंजळ पुढे केली. "माले बी दे थोडंसं." अक्काने दिलं. त्याने ते डोळ्यांना लावलं. उरलेलं तिने वाकून, लेकीची ओटी भरावी तसं, पाण्यात सोडलं. "चांगली नांदस व पोरी," म्हणाली आणि रडली.

गेल्या वर्षी अक्का गेली. गावच्या घाटावर अस्थी सोडल्या, तेव्हा मी तिथलंच पाणी तिच्या बाटलीत भरून घेतलं. दुसऱ्या दिवशी सुरतेला गेलो. फाटकापाशी तोच वॉचमन होता. त्याने बाटली ओळखली आणि माझ्या मागे पाहत विचारलं, "माय नही उनी?"

"येई ऱ्हायनी," मी म्हणालो. "चालत निंघेल शे."