तीस शिपायांचे डोळे

मी आज हे लिहायला जिवंत आहे तो सिस्टरांमुळे. सिस्टर म्हणजे मालवणकडच्या एक बाई, कुवेतच्या सरकारी हॉस्पिटलात नर्स. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको सांगितलंय. पण आधी त्यांचं सांगितल्याशिवाय पुढचं सांगायला माझी जीभ उचलत नाही. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. चुकलं तर सांभाळून घ्या.

शाळा सोडली असं आपलं म्हणायचं. खरं तर एका शाळेतून उठलो आणि दुसऱ्या शाळेत जाऊन बसलो. आमच्याकडे गणपती घडवतात त्या जागेलाही शाळाच म्हणतात. तिथे माती मळता मळता रंगाला लागलो, आणि कितीतरी वर्षांनी मूर्तिकारांनी डोळे आखायला दिले. काळा रंग आमच्या शाळेत तेवढ्यालाच. भुवया आणि डोळे. देवाच्या अंगावर काळा कधी चढत नाही. आणि डोळे सगळ्यात शेवटी. ते आखेपर्यंत माती, आखले की देव.

कुवेतला आलो तो फर्निचरच्या पॉलिशच्या कामावर. राहायला जलीबमध्ये, एका खोलीत नऊ जण. सिस्टर सबाह अल-सालेमला राहायच्या. त्यांचं कपाट पॉलिश करायला गेलो होतो, तिथे आम्ही एकाच बाजूचे निघालो. त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक इंग्रज इंजिनियर होता. त्याला एक नाद होता. करंगळीच्या दोन पेरांएवढे शिशाचे शिपाई टेबलावर मांडायचे आणि मित्रांबरोबर फासे टाकून लढाई खेळायची. पन्नाशीचा माणूस. मला आधी हसू आलं. त्याच्याकडे कुठल्याशा जुन्या जर्मन पलटणीचे तीस शिपाई आले होते, त्यांचे डगले काळे रंगवायचे होते आणि साहेबाचा हात आता थरथरायचा. सिस्टर त्याला म्हणाल्या, आमच्या गावचा एक आहे, देवाचे डोळे काढतो.

पहिला शिपाई रंगवून दिला तर साहेबाने मान हलवली. मी त्याला सपाट काळा फासला होता. डगला दिसतच नव्हता, माणसाच्या जागी नुसतं भोक. साहेबाने पायातला बूट काढला आणि खिडकीत उन्हात धरला. बूट काळाच, पण ऊन पडलं होतं तिथे निळा दिसत होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काळ्यात थोडा निळा घालायचा, पातळ करायचा, आणि चुण्यांच्या कडेवर राखाडीची केसाएवढी रेघ ओढायची. मग काळा काळा दिसतो. हे मला आमच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

जुलैत साहेब सुट्टीवर गेला. बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून तीसही शिपाई माझ्याकडे देऊन गेला. मी येईपर्यंत पुरे कर म्हणाला. मी केले. डगले, तोंडं, बंदुका, आणि शेवटी डोळे. टाचणीच्या टोकाने एकेक ठिपका. खोलीतले सगळे बघायला जमले होते.

मग ऑगस्ट उजाडला आणि इराकचे रणगाडे आले.

भीती कशी असते ते मला तोवर ठाऊक नव्हतं. पाव आणायला गेलेला माणूस परत येईपर्यंत आम्ही दाराकडे बघत बसायचो. शेजारच्या गल्लीत इराकी शिपाई खोल्यांची झडती घेत होते. म्हणे रेडिओ शोधतात, हत्यारं शोधतात. आमच्या खोलीत एक वयस्कर सुतार होते, त्यांना सगळे काका म्हणायचे. एका दुपारी त्यांनी तो डबा उघडला.

"इवलेसे असले म्हणून काय झालं?" काका म्हणाले. "हातात बंदुका आहेत ना? कोणाची पलटण विचारलं तर काय सांगशील, गणपतीची?"

एरवी आम्ही हसलो असतो.

त्या दुपारी मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. काळ्याची डबी फोडली आणि निळा न घालता, राखाडी न घालता सगळं फासत सुटलो. बटणं गेली, बंदुका गेल्या, तोंडं गेली. शेवटी डोळे. मला वाटलं, डोळे नाहीत तर शिपाई नाहीत. तीस भोकं तयार झाली.

काकांनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाले, हे तर आणखी वाईट, नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून टांगतात त्या काळ्या बाहुल्या केल्यास तू. आणि डबा आजच्या आज खोलीतून हलव, तुझ्यापायी नऊ जण जातील. त्यांचं खरं होतं. टाकून द्यावा तर दुसऱ्याची ठेव. म्हणून पिशवीत घालून सिस्टरांकडे निघालो.

त्यांच्या इमारतीच्या कोपऱ्यावरच चौकी होती. वाळूची पोती आणि चार शिपाई. लांबून दिसली तेव्हा परत फिरायला हवं होतं, पण एकाने हात केला होता. केस पिकलेला, दाढी वाढलेला माणूस, घामाने भिजलेला. त्याने डबा उघडला, एक बाहुली उचलली आणि चटका बसल्यासारखी टाकली.

"सिहर," तो म्हणाला. जादूटोणा. एवढा शब्द मला कळला.

बाकीचे तिघे उठून आले. त्याने बंदूक माझ्या छातीपाशी आणली आणि विचारलं, कफील कोण? कुवेतमध्ये हे सगळेच विचारतात. कफील म्हणजे जो आपला जामीन, ज्याच्या नावावर आपण या देशात उभे असतो. माझा कफील उन्हाळ्याचा परदेशी गेलेला, माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात. मला नाव आठवेना. माझी विजार ओली झाली हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात हॉस्पिटलची बस थांबली आणि सिस्टर उतरल्या. पांढरा गणवेश, सुजलेले पाय. मला वाटलं, मान खाली घालून इमारतीत जातील. गेल्या असत्या तरी मी दोष दिला नसता. पण त्या सरळ आमच्याकडे आल्या.

"गप रव. तोंड उघडू नको," मला म्हणाल्या. मग डब्यात बघितलं. "डोळे खंय गेले रे ह्येंचे?"

"मीच पुसले. भीतीने."

सिस्टर मग अरबीत बोलायला लागल्या. काय बोलल्या ते मला पुढे कळलं. ही खेळणी आहेत, म्हणाल्या. हा तुम्हाला इतका घाबरला की यांचे डोळे झाकले. तुझी पोरं घाबरली की काय करतात? आपलेच डोळे झाकतात ना?

त्या माणसाने डब्यात पुन्हा एकदा बघितलं. बंदूक थोडी खाली आली. पण त्याने पुन्हा विचारलं, याचा कफील कोण?

"अना," सिस्टर म्हणाल्या. मी. "अना कफील."

त्याने हात पुढे केला. सिस्टरांनी गळ्यातलं हॉस्पिटलचं कार्ड काढून दिलं. ते त्याने खिशात घातलं. हा पुन्हा काही करताना सापडला तर तुला उचलू, म्हणाला. पोत्यांकडे परत जाताना त्याने वाळूतली ती बाहुलीही उचलली, पुसली आणि कार्डाबरोबर ठेवली. डबा सिस्टरांनी वर आपल्या घरी नेला.

सप्टेंबरात वकिलातीने कागद दिला आणि मला बसमध्ये जागा मिळाली. बसरा, बगदाद, अम्मान, मग विमान. निघताना म्हटलं, सिस्टर, तुम्हीही चला. त्या म्हणाल्या, वॉर्डात पोरं आहेत, तू जा. आणि मी गेलो. माझा जामीन मागे ठेवून गेलो.

युद्ध संपल्यावर, एक्क्याण्णवच्या पावसाळ्यानंतर, पोटासाठी परत आलो. विहिरी अजून जळत होत्या, दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसायची. सिस्टर भेटल्या. निम्म्या झाल्या होत्या. चौकीवरचे शिपाई बदलले तेव्हा बिनकार्डाच्या सिस्टरांना कोणी सोडेना. शेवटी घरी जाणंच बंद केलं, सहा महिने वॉर्डात दोन खाटांच्या मधे जमिनीवर झोपल्या. हे मला त्यांच्याबरोबरच्या नर्सने सांगितलं. त्यांनी स्वतः फक्त तांदळाच्या पिंपातून तो डबा काढून दिला.

"साहेब काय आता येणा नाय," म्हणाल्या. "पण डोळे काढ बाबा ह्येंचे. आंधळे बरे दिसणत नाय."

गेल्या महिन्यात त्या गावी गेल्या. परत येतील की नाही माहीत नाही. मी इथेच आहे. रस्त्यावर गाडी थांबली की अजून दाराकडे बघतो. सुट्टीच्या दिवशी थिनरने काळा काढतो, एकेकाचा डगला पुन्हा रंगवतो, निळा घालून, राखाडीची रेघ ओढून. एकोणतीसही डगले झाले. तोंडं झाली. डोळ्यांना टाचणी लावली की हात हलतो. लावतो आणि ठेवून देतो.

पण सिस्टर, हात ठरेल. एकोणतिसांचेही डोळे उघडीन, आणि तुमच्या मालवणच्या दारात येऊन डबा तुमच्या हातात देईन. आणि कधी कुणी तुम्हाला विचारलं, तुमच्या मागे कोण आहे, तर माझं नाव सांगा. मी असेन तिथून येईन.