पाच तासांची लघवी

"घोट घोट प्यायचं. जल्दी न्हाई करायची."

हे म्हणताना आमचे लॅबवाले काका डोळे मिटायचे. झोप येत असावी, असंच मला वाटे. जुन्या जालन्यातल्या पोटाच्या दवाखान्यात ते लॅब सांभाळायचे आणि मी केसपेपर लिहायचे. सकाळपासून दोघंही दमलेलेच असायचो, पण त्यांचा थकवा माझ्याहून जुना होता.

त्यांच्याकडे एक विचित्र तपासणी होती. पेशंटला उपाशीपोटी दोन साखरांचं पाणी पाजायचं, एक बारीक साखर, एक मोठी. मग पुढचे पाच तास त्याची सगळी लघवी डब्यात साठवायची आणि नमुना बर्फात घालून पुण्याला पाठवायचा. गहू न सोसून आतडं सोलवटलेलं असेल तर मोठी साखरही त्यातून झिरपते आणि लघवीत उतरते. तेवढ्यानं गव्हाचा आजार पक्का होत नाही, पण दुर्बीण घालून बघावं की नाही, एवढं डॉक्टरांना कळायचं. पाच तास दुसऱ्याच्या लघवीची वाट बघण्याचं काम तुम्ही कधी केलंय? "थकून राह्यलो, ताई," म्हणायचे आणि पुढच्या डब्यावर नाव लिहायला घ्यायचे.

एकदा शहागडची मुलगी आली. नऊ वर्षांची, दिसायला पाचची. सारखे जुलाब, फुगलेलं पोट, हातापायाच्या काड्या. रक्तावरून काही नक्की होईना आणि दुर्बिणीला बाप तयार नव्हता. यात काही निघालं तरच बघू, असा निरोप त्यानं बायकोबरोबर दिला होता. म्हणजे पोरीचं सगळं त्या डब्यावर येऊन ठेपलं होतं.

त्यांनी तिला आपल्या उंच स्टुलावर बसवलं. पाय अधांतरी हलत होते. "हे पाय खाली टेकले की मला दाखवायला यायचं. बराबर?" तिनं मान हलवली आणि घोट घोट करत पाणी संपवलं.

चार तास झाले. डबा बाकाखाली होता, समोरून माणसं ये-जा करत होती. पोरीची लघवी चारचौघांत अशी मांडून ठेवायची, हे आईला काही सोसेना. ते जेवायला उठले तेवढ्यात तिनं डबा मोरीत नेऊन ओतला, साबणानं घासला आणि लखलखीत करून त्यांच्या हातात दिला.

"लई घाण झाल्ता काका, धुऊन आणला."

मला हसू फुटलं. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. ते ओरडले नाहीत. ओरडायलाही अंगात ताकद लागते. "मीच न्हाई सांगितलं बराबर," एवढं म्हणून खाली बसले.

"मंग आता? ह्यांनी एकदाच जा म्हणलंय," आई म्हणाली.

रविवारी, सुट्टीच्या दिवशी, ते पहिल्या एसटीनं शहागडला गेले. मुलीच्या घरी ओसरीवर पाच तास बसले. डबा आपल्याच खुर्चीखाली, वर आपलाच रुमाल. सोमवारी मला म्हणाले, "घरात सगळे ज्वारीची भाकर खातेत, ताई. पोरगी अशक्त म्हणून तिला एकटीला तुपातली पोळी. आन् तपासण्या होईस्तोवर पोळी बंद करू नका, न्हाई तं आजार दिसणार न्हाई, असं मलाच सांगून यावं लागलं."

आतडं झिरपत होतं. बाप तयार झाला, दुर्बीण झाली, आणि गव्हाचाच आजार निघाला. आता भाकरीच, डॉक्टर म्हणाले. आईला रडू आवरेना.

"लाडाच्या लेकीला नुसती भाकर?"

"तूप तेवढंच लावा," काका म्हणाले. "बिलकुल कमी करू नका."

पुढं त्या मुलीला घरचे जवळच्या अंबडलाच दाखवायचे. गेल्या वर्षी एका साध्या मंगळवारी काका कामावर आलेच नाहीत. झोपेतच गेले होते. रोज थकलो म्हणणाऱ्या माणसाला, आज लवकर घरी जा, असं मी एकदाही म्हटलं नाही. ते मला अजून छळतं. तपासणी बंद पडली. पाच तास बसणार कोण? त्यांच्या स्टुलावर आम्ही फायली ठेवतो.

परवा मायलेकी आल्या. मुलगी शाळेच्या ड्रेसमध्ये, उंच, गालावर मांस आलेली. मी आईला बाजूला घेऊन काका गेल्याचं सांगत होते, तोवर तिनं फायली उचलून बाकावर ठेवल्या आणि स्टुलावर बसली. दोन्ही चपला फरशीला टेकल्या.

"काका कुठंयत? त्यान्ला दाखवायचंय."

आईनं पदर तोंडाला लावला. पोरगी मात्र दाराकडे बघत तशीच बसून राहिली, पाय जराही न हलवता.