ती लघवी भावाची होती

डॉक्टरांनी काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली, वरून ॲसिडचे दोन थेंब सोडले आणि नळीतली लघवी माझ्या डोळ्यांदेखत नासलेल्या दुधासारखी फुटून पांढरी झाली.

"हवालदार, कालही हेच, आजही हेच," ते म्हणाले. "आता शंका नको. याला अल्ब्युमिन म्हणतात. अंड्याचा पांढरा बलक असतो ना, त्याच जातीचं द्रव्य. ते रक्तात राहायला हवं. तुमची किडनी, म्हणजे मूत्रपिंड, ते धरून ठेवत नाही. त्यात ब्लडप्रेशर दोनशे दहा. तुम्हाला पलटणीत परत पाठवता येणार नाही."

मी "जी साहेब" म्हणालो. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण धक्का बसला तो वेगळ्याच कारणानं. कालची लघवी माझी होती. आजची माझ्या धाकट्या भावाची होती.

कुणीही मला मूर्ख म्हणावं, मी मान्य करीन. पण आमच्या घरात आजा शिपाई, बाप नाईक, मी हवालदार. खाल्ल्या मिठाला जागायचं एवढंच आम्हाला शिकवलेलं. ऐन लढाईत, तिशी ओलांडताच डोकेदुखीसाठी घरी बसणारा मी पहिलाच निघालो असतो. गेलं वर्षभर सकाळी उठलं की डोक्याची मागची बाजू ठणकायची, जिना चढताना धाप लागायची. मी अमृतांजन चोळून कवायतीला उभा राहायचो. रजेवर आलो तेव्हा तोंड सुजलेलं बघून आईच म्हणाली, "लढाईचं अन्न मानवलं रं तुला." आम्ही सुजेला बाळसं समजत होतो.

पलटणीत परतण्याआधीच्या तपासणीला साताऱ्याला गेलो, तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी लघवी तपासली, ती पांढरी झाली; खात्रीसाठी उद्या सकाळची पहिली बाटलीतून आणा, म्हणाले. आम्ही धर्मशाळेत उतरलो होतो. बरोबर मारुती होता, माझा धाकटा भाऊ. वीस वर्षांचा, तालमीतला गडी, पुढच्याच आठवड्यात भरती व्हायला आलेला. त्याला सर्दीसुद्धा कधी झाली नव्हती. मी बाटली त्याच्या हातात दिली. तो पोट धरून हसला. "दादा, माज्या मुतावर हवालदारकी टिकत आसंल, तर रोज बादली भरून दीन!"

आणि तीसुद्धा पांढरी झाली.

संध्याकाळी मारुतीला सगळं सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "दादा, तू बोलू नगं. मला काय बी होत न्हाई. मला भरती होऊ दे."

रात्र कशी गेली ते माझं मला ठाऊक. बोललो तर त्याचा गणवेश जाणार, न बोललो तर कदाचित तोच जाणार. सकाळी मी डॉक्टरांपुढे खालमानेनं उभा राहून खरं ते सांगितलं. मला वाटलं, कोर्टमार्शलच होणार. ते रागावले, पण थोडेच. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी मला आमच्या घराण्याचं विचारायला सुरुवात केली. बाप कशानं गेला? कितव्या वर्षी? आजा कशानं?

बाप बेचाळिसाव्या वर्षी मळणी चालू असताना खळ्यात पडला, तोंड वाकडं झालं, तिसऱ्या दिवशी गेला. गावानं ठरवलं, करणी. आजा त्याआधी आंधळा होऊन, सुजून गेला. तीही करणी. भाऊबंदांनी केली म्हणून दोन घरांत तीस वर्षं बोलणं नव्हतं. डॉक्टर कागदावर रेघा ओढत होते, आज्याखाली बाप, बापाखाली मी आणि मारुती. आमच्या घराण्याचं झाड मी पहिल्यांदाच कागदावर बघितलं.

"करणीबिरणी काही नाही," ते म्हणाले. "नाक बापाचं येतं, रंग आईचा येतो, तसा हा रोगही रक्तातून उतरतो. प्रत्येकाला येईलच असं नाही, पण ज्याच्याकडे आला त्याला तरुणपणी पत्ता लागत नाही."

मूत्रपिंडाचा आणि दाबाचा काय संबंध, हे मी विचारलं. त्यांनी मला पाटाचं उदाहरण दिलं. शेवटच्या वावरातल्या माणसाला पाणी कमी पडलं की तो पाटकऱ्याच्या मागे लागतो, वरून दाब वाढव. खराब झालेली किडनी तेच करते. तिच्या बारीक नळ्या आकसतात, तिला वाटतं रक्त कमी येतंय, ती निरोप धाडते, आणि सगळ्या अंगात दाब चढतो. दाब चढला की त्याच नळ्या आणखी खराब होतात. मग ती पुन्हा निरोप धाडते. "हे चक्र पुरतं थांबवण्याचं औषध आज माझ्याकडे नाही," असंही त्यांनी सांगितलं. झोपेसाठी गोळ्या, विश्रांती, आणि मीठ बंद. एवढंच. त्या माणसानं मला खोटी आशा दाखवली नाही, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

मारुतीचा दाब निघाला एकशे साठ. त्याचं नाव भरतीच्या यादीतून कापलं गेलं. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून आम्ही परत आलो, पुढे शिराळ्यापासून गावापर्यंत चालत. तो माझ्या दहा पावलं पुढे.

घरी आळणी जेवण सुरू झालं. आमची भाकरी तशीही बिनमिठाचीच, पण मिठाच्या खर्ड्याशिवाय ती घशाखाली उतरेना. मी निमूट गिळायचो. मारुती माझ्यासमोर बसून मिठाचा खडा दाताखाली फोडायचा, आवाज यावा असा. दोन महिन्यांनी तो घरातून नाहीसा झाला आणि पंधरा दिवसांनी बेळगावहून कार्ड आलं. 'दादा, मी भरती झालो. कसा झालो ते तुला सांगायला नको. युक्ती तुझीच.'

बरोबर गेलेल्या कुणा निरोगी पोराची लघवी त्यानं दिली असणार. चोरी मी शिकवली होती, त्यानं ती माझ्यापेक्षा हुशारीनं केली.

आता जे लिहितो ते लिहायला मला सर्वांत जड जातंय. त्याच्या साहेबाला एक पत्र टाकलं असतं, तर आठ दिवसांत त्याला घरी धाडला असता. मी तीन वेळा लिहायला बसलो. पहिल्यांदा आई गावात गूळ वाटत होती. दुसऱ्यांदा वाटलं, पुन्हा मीच त्याचा वैरी ठरू का? तिसऱ्यांदा पत्र पुरं लिहून फाडलं. खरं सांगतो, मला आतून बरंही वाटत होतं. मी घरी बसलो तरी घरातलं कुणीतरी वर्दीत आहे. माझ्या मनातला हा किडा कुठल्या नळीत दिसणार होता?

चौदा महिन्यांनी मारुतीला पलटणीनं घरी लावून दिलं. पायापासून पोटापर्यंत सुजलेला, उजव्या डोळ्यानं जवळजवळ आंधळा. मी त्याला बैलगाडीनं इस्लामपूरला आणि तिथून मोटारीनं सांगलीच्या इस्पितळात नेलं.

तिथं सतरा दिवस होतो. डॉक्टर सकाळी यायचे, दंडाला पट्टा बांधायचे, रबराचा फुगा दाबायचे. पारा वर चढताना मी त्याच्याकडे बघायचो आणि मारुती माझ्याकडे. तिथं मी युरेमिया हा शब्द शिकलो. म्हणजे लघवीवाटे जायची घाण रक्तातच साचते. त्याच्या श्वासाला उग्र दर्प यायचा, उचक्या थांबायच्या नाहीत, अंग खाजायचं. मी ओल्या फडक्यानं पुसत राहायचो. बाहेरच्या ओसरीवर नातेवाईक गाठोडी घेऊन बसलेले असायचे. कुणी विचारलं की मी सांगायचो, पाय सुजलाय जरा. अजूनही माझ्या तोंडातून खरं निघत नव्हतं.

पंधराव्या दिवशी दुपारी तो शुद्धीवर होता. मी चमच्यानं पेज भरवत होतो. तो म्हणाला, "दादा, तू सायबाला कळवलं का न्हाईस?"

मी म्हटलं, "तूच नको म्हणाला होतास."

"ते सातारला. बेळगावात डोळ्याम्होरं अंधारी यायला लागली. माज्यानं सांगवंना, गड्यांत हसं झालं आसतं. रोज वाटायचं, आज दादाचा कागद येतोय आनि सायेब मला घरी लावतोय. लय वाट बघितली."

माझ्या हातातून चमचा पडला. त्यानंच तो उचलायला हात लांबवला, पण तोवर डावा डोळाही गेला होता, त्याला तो दिसला नाही. मी त्याच्या सुजलेल्या पावलांवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. तो माझ्या केसांतून हात फिरवत राहिला. रागावला असता तर सोसलं असतं.

दोन दिवसांनी तो गेला.

गावात लोक म्हणाले, लढाईनं नेला. आई म्हणाली, भाऊबंदांनी नेला. तेराव्याला मी उठून भाऊबंदांच्या दारात गेलो आणि त्यांना सांगितलं की तुमचा काही दोष नाही, आमच्या रक्तातच हे आहे, तुमचं माझं रक्त एकच आहे, तेव्हा तुम्हीही तपासून घ्या. त्यांना ते पटलं असं नाही. चुलत्यानं पाणी मात्र दिलं.

माझा दाब अजून वरच आहे. डॉक्टर किती वर्षं उरली ते सांगत नाहीत, मी विचारतही नाही. ज्यांच्या घरात माणसं चाळिशीत पडतात, सुजतात, आंधळी होतात, त्यांनी देवऋष्याकडे जाण्याआधी एक बाटली लघवी डॉक्टरांकडे न्यावी. आणि ती स्वतःची न्यावी.

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या दोन्ही लेकरांना सांगलीला नेलं. धाकट्या मुलाची नळी पाण्यासारखी स्वच्छ राहिली. अकरा वर्षांची थोरली, सोनाबाई, तिची तळाशी धुरकट झाली. डॉक्टर म्हणाले, आत्ताच सुरुवात आहे, जपलं तर पुष्कळ वर्षं जातील. बायको म्हणाली, पोरीला कळू देऊ नका, लग्नाची हाय, भाऊकीला तर अजिबात नको.

परतीच्या वाटेवर आम्ही नदीच्या घाटावर बसलो. सोनाबाईनं विचारलं, "आबा, मला काय झालंय?"

मी तिला जवळ घेतलं आणि सांगायला सुरुवात केली. आज्याचं सांगितलं, बापाचं सांगितलं, मारुतीकाकाचं सांगितलं, आणि मी न टाकलेल्या पत्राचंही सांगितलं.