वाकळेच्या पोटातला गूळ

समोरच्या दारावर तोरण आहे. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांची पानं केलीत, आणि मध्ये मध्ये लोकर गुंडाळलेल्या बांगड्या सोडल्यात. येणारी-जाणारी बाई थांबते आणि म्हणते, "काय हात हाय वैनीचा!" मी माझ्या कट्ट्यावर बसून ते ऐकतो. माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला लिहू?

माझ्या दाराला तोरण नाही. आमची ही गेली त्याला वर्ष व्हायचं आहे, आणि तोवर दुखवट्यातल्या घराला तोरण बांधत नाहीत. तसं वर्ष सरल्यावर तरी कोण बांधणार? ते करणारे हात गेले. तसलंच तोरण पूर्वी आमच्या दाराला होतं. आता ती कला समोर गेलीय आणि नाव समोर राहणाऱ्या वैनीचं झालंय.

हिच्या लेखी टाकायचं असं काही नव्हतंच. तेलाचा पत्र्याचा डबा रिकामा झाला की कडा ठोकून, रंग देऊन त्यात तुळस लावायची. साडी विरली की पट्ट्या फाडायची, त्यांची वेणी घालायची आणि वेणी गोल शिवून पायपुसणं करायची. मी गुळव्या. गुऱ्हाळात काहिलीत रस उकळत असतो, तो नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. शाळेत फार गेलो नाही, पण रसाचा बुडबुडा वाचता येतो. हंगाम लागला की शिरोळकडं, कागलकडं, जिथनं बोलावणं येईल तिकडं जायचो. घरी यायचो ते हंगाम संपल्यावर. घरात काहीतरी नवीन टांगलेलं असायचं, आणि ते माझ्या आधी वैनीनं बघितलेलं असायचं.

कारण हिच्या सगळ्या दुपारी वैनीच्या. दोघी समोरच्या कट्ट्यावर बसायच्या, मध्ये कात्री, दोरा आणि चिंध्यांचं गाठोडं. लोक म्हणतात मी हिच्याबरोबर जन्म काढला. हिशेब लावला तर जागेपणी ती माझ्यापेक्षा वैनीच्याच वाट्याला जास्त आली.

जाताना ही एक वाकळ तशीच ठेवून गेली. नातीसाठी करत होती. नात नर्सिंग शिकायला सांगलीच्या होस्टेलवर जाणार, तिथं पांघरायला. सगळ्या साड्या हिच्या स्वतःच्या. एकीवर एक अंथरून, धावदोरा घालत घालत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत आली होती. सुई तिथंच टोचलेली.

पोरीचं जायचं ठरलं तशी सून म्हणाली, "मामा, वाकळ वैनीकडं देते की. एका दुपारचं काम हाय."

"न्हाय."

"मग कोण करणार?"

"मी."

सुनेनं पदर तोंडाला लावला. "मामा, तुम्हाला शर्टाचं बटन लावता येत न्हाय."

"तू तुझ्या भाकरी बघ."

ते समोर ऐकू गेलं असणार. आमच्या गल्लीत कुजबूज कुणाला येत नाही. संध्याकाळी वैनी दारात आली. "भावजी, द्या हिकडं. तिचा टाका मला ठावं हाय."

"ठावं हाय म्हणूनच देत न्हाय," मी म्हणालो.

ती चप्पल फिरवून गेली.

मी बसलो शिवायला. सुईत दोरा नातीनं ओवून दिला. उकळत्या रसाचे शिंतोडे खाऊन खाऊन माझी बोटं जाड झालीत, सुई धरली तरी धरल्यासारखी वाटत नाही. हिचे टाके तांदूळ ओळीनं मांडल्यासारखे. माझे म्हणजे ऊस तोडल्यावर रानात बुडखे राहतात तसे, कुठं उंच, कुठं तिरके. पण ओढत ओढत कोपरा जवळ आणला.

आमच्याकडं वाकळ उपाशी शिवत नाहीत. शेवटचं तोंड बंद करायच्या आधी तिच्या पोटात वाळल्या भाकरीचा तुकडा घालतात. पांघरणारा कधी उपाशी निजू नये म्हणून. मला हे माहीत होतं. सुनेनं तुकडा आणूनही ठेवला होता. पण तो हातात घेतला आणि डोक्यात आलं, भाकरी तर वैनीनंही घातली असती. मग माझं त्यात काय? मी उठलो, फडताळातला गुळाचा खडा घेतला, माझ्या हातच्या ढेपेतला, आणि तो आत सारून कोपरा शिवून टाकला. वर चार टाके जास्तीचे घातले. छाती फुगली माझी. वैनीला हे सुचलं नसतं!

नातीनं वाकळ घडी करून बॅगेत भरली. जायच्या दिवशी सकाळी ती ओरडली, "आज्जा! बॅगंत मुंग्या!"

उंबऱ्यापासून बॅगेपर्यंत लाल रांग लागलेली. सुनेनं वाकळ अंगणात झटकली, कोपरा चाचपला आणि माझ्याकडं बघितलं. "मामा, काय घातलंय ह्यात?"

"गूळ."

"वाकळंत? गूळ?"

जन्मभर गूळ केला. मुंगी कुठं येते हे मला शिकवायची गरज होती का? पण त्या वेळी मला मुंगी दिसत नव्हती, वैनी दिसत होती.

दुपारच्या एसटीनं पोरगी जाणार. सुनेनं मला विचारलंसुद्धा नाही, सरळ समोर हाक मारली. वैनी चष्मा पुसत आली, वाकळ मांडीवर घेतली, आणि हसू आवरत म्हणाली, "भावजी, तिला मरणानंतर तरी गोड खाऊ घातलासा."

मग कात्री उचलली. कात्री हिच्या टाक्यांच्या बाजूनं येताना दिसली आणि मी हात आडवा घातला. "हिचा टाका उसवायचा न्हाय."

"मी तिचा उसवीन व्हय?" वैनीचा आवाज चढला. "हात काढा. तुमचेच उसवतेय."

मी हात काढला. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "दारावरच्या तोरणाची कला हिची हाय. नाव तुमचं घेतात लोक."

"तोरण मी शिकवलं तिला." तिनं मान वर केली नाही. "वाकळ तिनं मला शिकवली."

हे खरं की खोटं? सांगणारं माणूस उरलं नाही. एवढी वर्षं ज्याचा मला राग होता, ते हिला विचारायला मी कधी एकदाही वेळ काढला नाही, आणि आता वैनीचा शब्द शेवटचा.

"आणि म्हणायची काय माझ्याबद्दल?" मी विचारलं.

"दुपारभर तुमच्या नावानं बोटं मोडायची. आला न्हाय, सांगावा न्हाय, जेवला का न्हाय. कान किटले माझे. मला वाटायचं, माझा नवरा रोज घरात असतोय तरी मी त्याचं एवढं बोलत न्हाय."

मला बरं वाटलं. तिला ते कळू नये म्हणून मी मुंग्या झटकत बसलो.

तिनं माझे टाके उसवले. खडा काढून अंगणाच्या कडेला टाकला, मुंग्या तिकडं वळल्या. सुनेनं भाकरीचा तुकडा दिला. तो मी माझ्या हातानं आत ठेवला, एवढं मात्र मी कुणाला करू दिलं नाही. मग वैनीनं हिच्या शेवटच्या टाक्यापासून सुई उचलली आणि कोपऱ्यापर्यंत नेली. शेवटचा टाका उरला तेव्हा वाकळ माझ्याकडं सरकवली. "घाला."

मी घातला. तिरका पडला.

बॅगेत भरण्याआधी चष्मा लावून बघितलं. हिचा टाका कुठं संपतो आणि वैनीचा कुठं सुरू होतो, मला सांगता येईना. एकसारखे तांदूळ. कुणी सांगितलं असतं, की ही माघारी येऊन पुरी करून गेली, तर मी मानलं असतं. ते मला आवडलं नाही. अजून आवडत नाही. पण पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर बोट फिरवत होतो, तेवढ्यात नात म्हणाली, "आज्जा, सोडा की आता, एसटी चुकंल."

मी सोडली. माझा तेवढा एक टाका ओळखू येतो.