सलाम वसूल

योहानभाऊ गेल्याची बातमी मला फॉरवर्डने कळली. तयार चित्र होतं. कोपऱ्यात मेणबत्ती, पांढरी फुलं, चकाकती इंग्रजी अक्षरं आणि खाली घाईघाईत चिकटवलेलं भाऊंचं नाव. मी मनीषनगरच्या बाजारात मेथीची जुडी धरून उभा होतो. पहिला विचार काय आला सांगू? आता हा माणूस स्कूटर काढणार आणि हे चित्र पाठवणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहणार! मग उमगलं, की स्कूटर काढणाराच... मेथी कुठे पडली, मला आजवर माहीत नाही.

आमची सगळी नोकरी कोराडीच्या पॉवर स्टेशनात गेली, दोघांचीही बॉयलरवर. भाऊंचा आवाज असा, की ते ओरडले की बॉयलर दचकून जास्तीची वाफ सोडायचा. रिटायर होऊन आम्ही मनीषनगरात एकाच गल्लीत घरं घेतली, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी दारावरच्या बेल काढून टाकल्या. भाऊ आले की कळायचंच.

आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं भेटलो की ‘सलाम’ म्हणतो. पूर्वी नाताळात ढोलकी-पेटी घेऊन घरोघरी गात जायचो आणि दारोदारी सलाम व्हायचा. पुढे मंडळी पांगली. कोणी खापरखेड्याला, कोणी पुण्याला, एक पोरगा थेट दुबईला. मग मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला आणि सलामाच्या जागी लुकलुकणारे सांताक्लॉज यायला लागले. एका नाताळात इतके आले, की माझ्या फोनवर पापड भाजून निघाला. खोटं वाटत असेल तर या, पापड जपून ठेवलाय. भाऊंनी त्याच दुपारी ग्रुपवर आवाज टाकला, “ऐका गा सगळे! शुभेच्छा आपल्या तोंडानं द्यायच्या. ज्याचा फॉरवर्ड येईल, त्याच्या घरी मी सलाम वसूल कराले येईन. अन् गाणं म्हटल्याबिगर उठणार नाही!”

लोकांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी बेसा रोडवरच्या एका साहेबांनी सवयीने फॉरवर्ड टाकला आणि त्यांचे दात घासून होण्याआधी भाऊ सोफ्यावर हजर! मांडीवर मार्थावहिनींच्या करंज्यांचा डबा. तोंडात फेस असतानाच साहेबांनी सलाम म्हटला, एक कडवं गायलं आणि मग पाच करंज्या खाल्ल्या. तासाभरात ग्रुपवर भाऊंचा मेसेज आला, ‘बेसा. सलाम वसूल.’ पुढच्या वर्षी अर्ध्या मंडळीने मुद्दाम फॉरवर्ड टाकले. करंज्याच तशा होत्या. दुबईच्या पोराने टाकला तेव्हा भाऊ पासपोर्ट शोधायला लागले. वहिनींनी लपवला म्हणून, नाहीतर त्यांनी स्कूटर समुद्रात घातली असती.

एका माणसाचा फॉरवर्ड मात्र कधी आला नाही. दाऊदचा. भाऊंचा सख्खा धाकटा भाऊ, खापरखेड्याला राहणारा. त्याने आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सोडून दुसरी धरली आणि तिथे पुन्हा बाप्तिस्मा घेतला, पाण्यात बुडून. भाऊंच्या ते वर्मी लागलं. “काहून गा, बाबानं लहानपणी दिला तो बाप्तिस्मा कच्चा होता का?” एवढंच बोलले, तेही भर मंडळीत. दाऊद उठून गेला. मग दोघांनी एकमेकांची दारं पाहिली नाहीत. ग्रुप मात्र दाऊदने सोडला नाही आणि भाऊंनीही त्याला काढला नाही.

नाताळच्या सकाळी भाऊ ग्रुपवर हजेरी घ्यायचे. “कोराडी, सलाम! बेसा, सलाम! पुणे, सलाम!” सगळ्यात शेवटी “खापरखेडा...” आणि मग आवाज थांबायचा. रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंखा ऐकू यायचा, स्वयंपाकघरातली एखादी शिट्टी... आणि मग अगदी हळू, “सलाम.” बॉयलरला दचकवणाऱ्या माणसाचा तो आवाज ऐकवत नसे. दाऊदच्या बाजूने निळ्या खुणा यायच्या. बाकी काही नाही.

मी एकदा म्हटलं, “सरळ जा न गा त्याच्या घरी.”

“बिनाकारण कसा जाऊ? त्याचा फॉरवर्ड तर येऊ दे.”

म्हणजे बघा. साऱ्या दुनियेला ज्या गोष्टीची बंदी केली होती, तिचीच हा माणूस दर नाताळात फोन मुठीत धरून वाट पाहत बसायचा.

मातीच्या वेळी दाऊद आला होता. कब्रस्तानाच्या फाटकाशीच उभा राहिला. मी गर्दीतून वाट काढीत पोचलो तोवर निघून गेला.

त्यानंतर लगेच नाताळ आला. उपासनेहून घरी आलो आणि फोन उघडला. ग्रुप चिडीचूप! हजेरी घेणारा नाही, तर आधी बोलायचं कोणी? मी खोलीतून गॅलरीत गेलो, गॅलरीतून खोलीत. दारावरची नाताळची चांदणी काढली, परत लावली. एवढ्या येरझाऱ्यांत मी पायी कोराडी गाठली असती. तेवढ्यात फोन थरथरला. चित्र होतं. बर्फाने झाकलेलं घर, धुराडं, हरणं. नागपुरात कुठला आलाय बर्फ! मला संताप आला. मग पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं. दाऊद.

मी तसाच वहिनींकडे धावलो. त्या ओट्याशी उभ्या होत्या. करंज्या तळून डब्यात भरलेल्या. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं. मी मटकन खुर्चीत बसलो.

“भाऊजी, बसले काहून? फॉरवर्ड आला न. जा लागते.”

“कोणाले, मले?”

“दोघाइले. स्कूटर काढा त्याइची.”

मी भाऊंची स्कूटर चालवतोय आणि मागे वहिनी, मांडीवर डबा. कोळशाचे ट्रक अंगावर येत होते, राख डोळ्यांत जात होती. डोळ्यांत पाणी राखेनेच आलं असं मी त्यांना सांगितलं, त्यांनी मला सांगितलं. कोराडी मागे पडल्यावर स्कूटर मी चालवलीच नाही. तिची तीच गेली.

दाऊद फाटकाशी उभा. इस्त्रीचा शर्ट, अंगणात खुर्च्या मांडलेल्या.

“या वहिनी. मले माहीत होतं, फॉरवर्ड पाठवला का तुमच्या घरून माणूस येतेच.”

वहिनी स्कूटरवरून उतरल्याच नाहीत. “इतके वर्षं काहून नाही पाठवला मग?”

“दर वर्षी काढून ठेवत होतो. बोट पुढं जात नव्हतं.” तो स्कूटरच्या हँडलकडे पाहत राहिला. “आता भाऊ येत नाही, हे ठाऊक झालं... तवा गेलं.”

वहिनी आता उतरल्या. त्यांनी डबा पुढे केला. “सलाम म्हणा आधी. अन् गाणं. सूट नाही भेटत कोणाले.”

दाऊद सलाम म्हणाला. मग बाबांनी दोघा भावांना शिकवलेलं भजन त्याने सुरू केलं आणि मी हादरलो. तोच आवाज! हुबेहूब, बॉयलरवाला! शेजारची माणसं बाहेर आली. मला तर खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनची चिमणीसुद्धा हललेली दिसली.

संध्याकाळी घरी चहा घेत होतो तर फोनवर नाव उमटलं, योहानभाऊ. कप हातातून सुटला. ‘खापरखेडा. सलाम वसूल.’ वहिनींनी भाऊंच्या फोनवरून टाकलं होतं. अख्खी मंडळी त्या क्षणी खुर्च्यांवरून उडाली असणार, कारण मग जे आवाज सुरू झाले ते थांबेनात. कोराडी, बेसा, पुणे, दुबई, सगळे आपापल्या तोंडाने सलाम म्हणत होते.

भाऊंचा फोन अजून त्यांच्या खिडकीत चार्जिंगला असतो. नाताळ होऊन गेला, गल्लीतल्या चांदण्या उतरल्या, पण माझं बूड काही एका जागी टिकत नाही. गल्लीत स्कूटर वाजली की मी उठतो. काल शेवटी मीही ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. बर्फाचा, हरणांसकट. आणि तेव्हापासून दार उघडं टाकून बसलोय.